वाचनालयाचे वर्ष

वाचनालय म्हणजे काय, असे एखाद्या शहाण्या मुलाला विचारले, तर तो चटकन सांगेल की, जेथे कपाटांत पुष्कळ पुस्तके लावून ठेवलेली असतात आणि जेथे मोठ्याने बोलावयाचे नसते, ते वाचनालय. हे उत्तर खोटे नाही. पण जेथे पुष्कळ बाके असतात आणि घंटा वाजते ती शाळा, असे कोणी म्हटले, तर आपले समाधान होईल काय? बाके सुटीतही जागच्या जागी असतात, फळा असतो, घंटाही टांगलेली असते. परंतु मुलांवाचून ती इमारत शाळा वाटत नाही. वाचनालयाची गोष्ट याहून वेगळी नाही.

गावातील वाचनालयाला जसा ग्रंथांचा आधार असतो, तसाच एका वर्षक्रमाचाही असतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांचा मेळा, श्रावणात एखादे ग्रंथवाचन, दिवाळीत नव्या अंकांची गर्दी, थंडीच्या दिवसांत व्याख्यानमाला, फाल्गुनात संतांच्या ग्रंथांचे स्मरण, असा हा क्रम असतो. पुष्कळ लोक याला वाचनालयाच्या मुख्य कामाला जोडलेली शोभा समजतात. पैसा कमी पडला की प्रथम हेच कार्यक्रम बंद होतात आणि ते बंद झाल्याचे कोणाला फारसे दुःखही होत नाही. माझे मत याच्या उलट आहे. हा वर्षक्रम तुटला म्हणजे वाचनालयाचे कोठार होते. कोठारात माल सुरक्षित राहतो हे खरे. पण कोठाराकडे कोणी संध्याकाळी पाय वळवीत नाही.

याला विरोध करणारे कोण आहेत, तेही पाहिले पाहिजे, कारण त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. वाचन हे एकट्याने करावयाचे काम आहे, असे ते म्हणतात. पुस्तक उघडले की माणूस आणि लेखक असे दोघेच उरतात. तेथे सभा, हारतुरे आणि ध्वनिक्षेपक यांचे काय काम? ज्याला शांतपणे वर्तमानपत्र चाळावयाचे आहे, त्या वृद्ध गृहस्थांना पलीकडच्या दालनातील टाळ्यांचा त्रास का व्हावा? हा आक्षेप मी मान्य करतो, पण अर्धाच. वाचन एकट्याने होते, परंतु वाचनाची गोडी एकट्याने क्वचितच लागते. कोणीतरी आपल्यासमोर एखाद्या पुस्तकाविषयी भरभरून बोलतो, कोणीतरी अर्धी गोष्ट सांगून थांबतो, कोणाच्या तरी हातात एखादा ग्रंथ आपण पाहतो, आणि मग आपली पावले कपाटाकडे वळतात. ज्या घरात पूर्वीपासून पुस्तके आहेत, तेथील मुलाला हे सारे घरातच मिळते. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तेथील मुलाने ते कोठून आणावे? त्याच्यासाठीच तर सार्वजनिक वाचनालय आहे.

मराठवाड्यातील लोकांना ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो ते शहर, या बाबतीत मोठे बोलके आहे. तेथील पाणचक्की पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडते आणि त्या पाण्याच्या जोरावर पिठाचे जाते फिरे. हा चमत्कार पाहून प्रवासी परत जातात. पण बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या त्या आवारात यात्रेकरूंसाठी सराई होती, विद्यार्थ्यांसाठी मदरसा होता आणि ग्रंथसंग्रहही होता, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. ज्याने धान्य दळण्याची सोय केली, त्यानेच शेजारी ग्रंथ ठेवले. भाकरी, निवारा आणि पुस्तक या तिन्ही गोष्टी एकाच अंगणात असाव्यात, असे त्या काळच्या माणसांना वाटले, आणि त्यांचे चुकले असे मला तरी वाटत नाही.

पुढे निझामाच्या राजवटीत वाचनालयाला निराळाच अर्थ आला. हैदराबाद संस्थानात सार्वजनिक सभा भरवावयाची, तर सरकारची परवानगी आधी काढावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी पुष्कळदा येत असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. ज्यांची मातृभाषा मराठी, त्यांना आपल्या भाषेतील नवा ग्रंथ, पुण्या-मुंबईचे वर्तमानपत्र किंवा एखादे मासिक हाताळावयास मिळण्याची जागा फार थोडी होती. १९१५ साली स्थापन झालेले औरंगाबादचे सरस्वती भुवन ही अशी एक जागा. आणि दुसरी म्हणजे गावोगावची लहान लहान वाचनालये. शहराच्या जुन्या भागातील एका वाचनालयाचे नाव ‘बलवंत’ आहे. ते ऐकताच बळवंत गंगाधर टिळक यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. खुद्द हैदराबाद शहरात १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. अशा ठिकाणी माणसे वर्तमानपत्र वाचण्यासाठी येत. परंतु आली की एकमेकांशी बोलत. गणेशोत्सवातील व्याख्यान, एखाद्या थोर पुरुषाची पुण्यतिथी, शारदोत्सवातील काव्यवाचन हे सारे सभेच्या नावाने झाले नसते, ते उत्सवाच्या नावाने होई. तेव्हा वाचनालयातील उत्सव ही त्या काळी शोभा नव्हती. लोकांना एकत्र बसून विचार करता यावा, यासाठी शोधून काढलेली ती वाट होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या शहराचा ग्रंथव्यवहार केवळ मराठी माणसांनी वाढविला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिराज औरंगाबादी हा अठराव्या शतकातील थोर उर्दू कवी याच शहराचा. मौलवी अब्दुल हक यांनी ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे ठाणे येथे आणले आणि १९३८ साली ते दिल्लीस हलविले जाईपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे उर्दूच्या ग्रंथनिर्मितीचे मोठे काम येथूनच चालले. १९२१ साली ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथूनच निघू लागले. राजसत्तेने एका भाषेला वर चढविले आणि दुसरीला दूर ठेविले, हा दोष राजसत्तेचा. त्या भाषेचा नव्हे. मराठी व्याख्यान आणि उर्दू मुशायरा हे एकाच वाचनालयाच्या एकाच वर्षात का बसू नयेत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत या शहराने विद्येची भूक कशी भागविली, ते पाहण्यासारखे आहे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९५७ साली अनंत काणेकरांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले. १९५८ साली विद्यापीठ झाले. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान व अ, ब, क, ड अशी वर्गवारी मिळाली. ज्या गोष्टीसाठी पूर्वी परवानगी मागावी लागे, तिच्यासाठी आता सरकारच पैसा देऊ लागले, हा काही लहान बदल नव्हे. मात्र यातून एक विपरीत गोष्टही घडली. जे कष्टाने मिळवावयाचे असते, त्याची काळजी माणूस घेतो. जे आपोआप मिळते, त्याकडे तो पाठ फिरवितो.

आता वाचनालयाचे वर्ष कसे असावे, त्याचा विचार करू.

मराठवाड्यातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे वर्णन नको. चैत्र संपता संपता पारा चाळीस अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि लहान मुले घरात कोंडली जातात. वाचनालयाचा खरा हंगाम हाच. वर्षाची सुरुवात १४ एप्रिलपासून करावी, असे मला वाटते. त्या दिवशी बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणे योग्यच आहे. पण ज्या पुरुषाने मुंबईत दादरला घर बांधताना आपल्या ग्रंथांसाठी जागा असावी हा विचार पुढे ठेविला, त्याचे स्मरण केवळ फुलांनी कसे पुरे होईल? त्या दिवशी त्यांचे सारे ग्रंथ कपाटातून काढून मेजावर मांडावेत, ज्याला हवा त्याने तो उघडावा आणि ज्याला आवडेल त्याने घरी न्यावा. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांना कुलूप नसलेल्या कपाटाचा अर्थ इतरांपेक्षा अधिक चांगला कळतो.

मग सुटी लागते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी दोन तास, किंवा संध्याकाळी वारा सुटल्यावर दोन तास, मुलांसाठी वाचनालय खुले असावे. तेथे काय करावे? गोष्टी सांगाव्यात, हे तर आहेच. पण माझ्या मते सर्वांत चांगला कार्यक्रम म्हणजे फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती. प्रत्येक वाचनालयात पाठ निखळलेली, कोपरे दुमडलेली, पाने सुटलेली पुस्तके ढिगाने पडलेली असतात. ती मुलांच्या पुढे ठेवावीत. पाने क्रमाने लावणे, खळ करणे, पाठीला कापडाची पट्टी डकविणे, वर वजन ठेवून रात्रभर वाळू देणे आणि सकाळी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत नाव लिहिणे, ही कामे दहा-बारा वर्षांची मुले सहज करू शकतात. पाने लावताना मुलाची नजर एखाद्या ओळीवर पडते, त्याचा हात थांबतो आणि तो वाचू लागतो. अशा वेळी त्याला कामाला लाव म्हणून जो ग्रंथपाल ओरडेल, त्याला आपले काम कळले नाही असे खुशाल समजावे. शिवाय ज्या मुलाने स्वतःच्या हातांनी पुस्तक बांधले, तो पुढे त्याचे पान फाडील, ही गोष्ट संभवत नाही.

मोठ्यांसाठी उन्हाळ्यातील व्याख्याने ही महाराष्ट्राची फार जुनी चाल आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. दिवसभराच्या तापानंतर सूर्य मावळला की मोकळ्या हवेत विद्वानाचे भाषण ऐकावयाचे, यात जशी ज्ञानाची सोय आहे, तशी देहाचीही आहे. तालुक्याच्या गावी हे करण्यास काय अडचण आहे? वक्ता मोठ्या शहरातूनच आणला पाहिजे, अशी एक समजूत आहे, ती मात्र सोडून द्यावी. कापसावर पडणाऱ्या किडीविषयी अनुभवी शेतकऱ्याने बोलावे, पैठणीच्या वेलबुट्टीविषयी पैठणच्या विणकराने बोलावे आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील रंग कसे टिकले, याविषयी तेथे काम केलेल्या जाणकाराने. वैजापूर, कन्नड, सिल्लोड, गंगापूर या गावांत असे सांगण्यासारखे पुष्कळ काही जाणणारी माणसे आहेत. त्यांना कोणी व्यासपीठावर बोलावीत नाही, एवढेच.

पावसाळ्याविषयी फार लिहावयास नको. शाळा सुरू झाल्या, शेतीची कामे आली, म्हणजे माणसांना सवड कमी असते. १२ ऑगस्ट हा डॉ. शियाळी रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात हा त्यांतला पहिला, आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे हा शेवटचा. हे पाच नियम काही वाचनालयांत लावलेले असतात. पहिला नियम मात्र कुलूपबंद कपाटाच्या काचेवर चिकटविलेला पाहिला म्हणजे हसावे की रडावे, ते कळत नाही. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे स्मरण करताना ज्या घरांत त्या काळच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्या घरांतील वृद्धांकडून त्या ऐकून मुलांनी एका वहीत उतरवून घ्याव्यात आणि ती वही वाचनालयाने ग्रंथ म्हणून दाखल करून घ्यावी. असे केले नाही, तर आणखी दहा वर्षांनी त्या सांगणारे कोणी उरणार नाही.

नवरात्रात शहरात कर्णपुऱ्याची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत वाचनालयात शारदेचे पूजन होते, दसऱ्याला ग्रंथांना फुले वाहतात. आणि मग दिवाळी येते. वाचनालयाच्या सबंध वर्षात इतकी गर्दी दुसऱ्या कोणत्याही दिवसांत होत नाही, आणि ती कोणी बोलावूनही आणलेली नसते.

दिवाळी अंक ही मराठी भाषेने आपल्या वाचकांना दिलेली एक अपूर्व भेट आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. दिव्यांच्या सणाला फराळाबरोबर वाचनाचेही ताट मांडावे, ही कल्पना लोकांना इतकी मानवली, की तेव्हापासून शंभरांहून अधिक वर्षे ही प्रथा चालू आहे. मुलांसाठी बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले, तेही १९७१ च्या दिवाळीच्या सुमारासच. परंतु एखाद्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या घरी यांपैकी किती अंक विकत येऊ शकतील? एक, फार तर दोन. येथे वाचनालय मदतीस येते. वाचनालय पन्नास-शंभर अंक घेते, आणि सभासदाने थोडी जादा वर्गणी भरली की त्याला उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक अंक घरी नेता येतो. दोन अंकांच्या पैशांत साठ अंक वाचून होतात, आणि तेही शेजारणीशी भांडण न करता!

या योजनेतील खरी मौज देवघेवीच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते. एक गृहस्थ अमुक अंक आला का म्हणून तिसऱ्यांदा विचारतात. एक आजी आपल्याला मोठ्या टाइपाचाच अंक हवा म्हणून बजावतात. एक मुलगी शब्दकोडे आधीच कोणीतरी शाईने सोडवून ठेवल्याबद्दल तक्रार करते, आणि ती तक्रार रास्तच असते. रांगेत उभ्या असलेल्या दोन अनोळखी बायका एका कथेच्या शेवटाविषयी वाद घालू लागतात. एकीला तो पटलेला असतो, दुसरीला नसतो. दहा मिनिटांपूर्वी त्यांना एकमेकींची नावेही ठाऊक नव्हती. एकीचा मुलगा कारखान्यात असतो, दुसरीचा नवरा न्यायालयात. एक नव्या वसाहतीतून आलेली असते, दुसरी जुन्या गल्लीतून. त्यांना समोरासमोर आणणारी दुसरी कोणती जागा गावात आहे? देवळात एक येईल, दुसरी येणार नाही. बाजारात दोघी येतील, पण तेथे भाजीच्या भावापलीकडे बोलणे जाणार नाही. वाचनालयाने पुस्तकाच्या निमित्ताने गाव एकत्र आणले, असे मी म्हणतो, ते या अर्थाने.

थंडीचे दिवस हे ग्रंथप्रदर्शनांचे आणि व्याख्यानांचे. जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतात. जानेवारीत मराठी भाषेचा पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. याविषयी सर्वांनाच माहिती आहे. पण फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास जी नाथषष्ठीची यात्रा भरते, तिचा आणि वाचनालयाचा संबंध फारसा कोणी जोडीत नाही, तो जोडावयास हवा. एकनाथ महाराज थोर संत होते, हे आपण जाणतो. ते थोर ग्रंथसंशोधकही होते, हे विसरतो. ज्ञानेश्वरांनंतर जवळजवळ तीनशे वर्षे ज्ञानेश्वरी हाताने उतरविली जात होती. उतरविणाऱ्यांच्या हातून अक्षरे बदलली, ओव्या घुसडल्या गेल्या. नाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून, त्या ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथाचा शुद्ध पाठ सिद्ध केला. आपल्या जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी, छापखाना नसताना एका माणसाने हे काम केले. नाथषष्ठीच्या आठवड्यात वाचनालयाने मुलांना एकच परिच्छेद दहा जणांकडून एकामागून एक उतरवून घ्यावयास सांगावा, प्रत्येकाने आपल्या आधीच्याच्या प्रतीवरून लिहावे, आणि शेवटची प्रत पहिलीशी ताडून पाहावी. किती चुका शिरल्या, ते पाहून मुले पोट धरून हसतील, आणि मग नाथांनी काय केले ते त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

आता कडू गोष्ट. पुष्कळ वाचनालयांत कार्यक्रम होतात, परंतु ते असे नसतात. व्यासपीठावर अकरा माणसे आणि समोर नऊ. पाऊण तास स्वागत, शाल, श्रीफळ आणि परिचय. मग वाचनाचे महत्त्व या विषयावर अशा पाहुण्यांचे भाषण, ज्यांनी वर्षभरात पुस्तक उघडलेले नसते. शेवटी आभार आणि चहा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि अहवालात एक ओळ वाढते. असल्या कार्यक्रमांना विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी बिनशर्त उभा आहे. कार्यक्रम चांगला झाला की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या नोंदवहीत काय दिसते, ते पाहावे. संतांवर व्याख्यान झाले आणि त्या आठवड्यात संतवाङ्मयाचे एकही पुस्तक कोणी नेले नाही, तर व्याख्यान फसले. विषयाची पुस्तके सभागृहाच्या दाराशीच मेजावर मांडून ठेवावीत, श्रोता बाहेर पडताना त्याच्या हाती लागावीत, आणि सभासद नसलेल्याला तेथल्या तेथे सभासद करून घेण्याची सोय असावी. एवढी साधी व्यवस्थाही बहुतेक ठिकाणी नसते.

दुसरा प्रश्न अभ्यासिकांचा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली खेड्यांतून शहरात येतात, लहानशा खोलीत तिघे-चौघे राहतात आणि बसावयास शांत जागा म्हणून वाचनालयात येतात. त्यांना हाकलून देणे हे पाप होईल. परंतु काही ठिकाणी सबंध वाचनालयच अभ्यासिका होऊन बसले आहे. कथा-कादंबऱ्यांची कपाटे मागे सरकली, मुलांचा कोपरा गेला, आणि दिवसभर प्रश्नसंचांची पाने उलटण्याचा आवाज तेवढा येतो. जागा पुरत नाही म्हणून कोणाला तरी बाहेर काढावयाचे, तर ते लहान मुलाला का? अभ्यासिकेसाठी वेगळी जागा मागण्याचे धैर्य वाचनालयाच्या चालकांनी नगरपालिकेपुढे दाखविले पाहिजे. आणि त्या तरुणांनाही आठवड्यातून एक तास मुलांना गोष्ट वाचून दाखवावयास सांगावे. त्यांच्या परीक्षेचे त्यात काही बिघडणार नाही.

हातातील फोनवर आता सारे मिळते, मग वाचनालय कशाला, असे विचारणारेही आहेत. याचे उत्तर २०२० साली मिळाले. त्या मार्चमध्ये साथीमुळे वाचनालये बंद झाली, ती ऑक्टोबरच्या मध्यास उघडली. त्या सात महिन्यांत फोन बंद नव्हते. उलट पूर्वीपेक्षा अधिक वेळ हातांत होते. तरीही दारे उघडण्याची वाट पाहणारे होतेच. त्यांना काय हवे होते? शब्द तर हाताशी होते. दिवाळी अंकाच्या रांगेतील ती दोन अनोळखी माणसे मात्र फोनमध्ये भेटत नव्हती.

खर्चाचा मुद्दा राहिला. लहान वाचनालयाचे अनुदान तुटपुंजे असते, सेवकांना मिळणारे वेतन तर त्याहून तुटपुंजे. हे बदलले पाहिजे, यात शंका नाही. ग्रंथपालाला अर्धपोटी ठेवून त्याच्याकडून बाराही महिन्यांच्या उत्साहाची अपेक्षा करणे हा निष्ठुरपणा आहे. तथापि पैसा नसतानाही कल्पकतेने पुष्कळ होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली आपल्या राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, तेव्हा ग्रंथ पेट्यांत भरून खेड्यांत पाठविण्याची पद्धत सुरू केली. पेटी एका गावी काही दिवस राही, मग दुसरीकडे जाई. आज संभाजीनगरातील एखाद्या मोठ्या वाचनालयाने फुलंब्रीला किंवा खुलताबादला दर ऋतूला पन्नास पुस्तकांची एक पेटी पाठवावयाची ठरविली, तर बैलगाडीचीही गरज नाही. रोजच्या बसमधून ती जाईल. आणि याच शहरात २०२१ साली एका शाळकरी मुलीने आपल्या मोहल्ल्यात मुलांसाठी छोटे वाचनालय सुरू केले, त्यानंतर इतर वस्त्यांतही तशी वाचनालये निघाली. त्यांच्याजवळ ना इमारत होती, ना वर्गवारी. काही पुस्तके होती, आणि ती मांडून बसणारी मुले होती.

यावर कोणी म्हणेल की, मुलांचा उत्साह चार दिवसांचा. तसे असेलही. पण मग मोठ्यांनी निदान दारे तरी उघडी ठेवावीत. आपल्याकडे होते असे, की दसरा, दिवाळी, पाडवा, ईद, १४ एप्रिल, शाळेची सुटी, अशा ज्या ज्या दिवशी मुलांना आणि कामकरी माणसांना सवड असते, त्या त्या दिवशी वाचनालयही सुटी घेते. कामाच्या दिवशी दुपारी ते उघडे असते, तेव्हा मुले वर्गात असतात आणि त्यांचे आईबाप कामावर. सेवकांना सुटी हवीच. ती त्यांनी सोमवारी घ्यावी, मंगळवारी घ्यावी. सणाच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ एवढे तीन तास जरी दार उघडे राहिले, तरी नवे कपडे घालून बाहेर पडलेल्या मुलांपैकी दहा तरी तेथे शिरतील.